डोळ्याचा रकाना

१

एलिसेओ बाराहासला माणसांचा तिटकारा होता, आणि पोट मात्र माणसं मोजण्यावर चाललं होतं. असं असलं की माणूस एक तर सुधारतो किंवा आंबतो. एलिसेओ आंबला होता.

सरहद्दीवरच्या मेहिकालीहून पलीकडच्या देशात जाणाऱ्या गाड्यांची रांग पहाटेपासून लागते. दीड-दोन तास इंच इंच सरकत ती तपासणीच्या केबिनपर्यंत पोहोचते. या रांगेतल्या लोकांना अठरा प्रश्न विचारायचे: कुठून निघालात, कुठे चाललात, कशासाठी, आठवड्यातून किती वेळा, गाडीत किती जण. पलीकडच्या कुठल्याशा कंपनीला ही माहिती हवी होती. नवी लेन बांधायची की नाही, ते म्हणे यावरून ठरणार होतं. एलिसेओ या पाहणीचा मुकादम. अकरा वर्षं तो हेच करत होता, आणि अकरा वर्षांत एकही लेन बांधली गेली नव्हती.

लोक खोटं बोलतात, हे त्याचं अकरा वर्षांचं ज्ञान. कामाला चाललेला सांगतो खरेदीला, खरेदीला चाललेला सांगतो मावशी आजारी आहे. दोन तास रांगेत बसून बर्फाचे गोळे चोखतील, संतांच्या प्लास्टरच्या मूर्ती विकत घेतील, आणि केबिनपाशी पोहोचल्यावर कागद शोधायला लागतील. अशांना लेन कशाला हवी, यांना दावणीला बांधलं तरी चालेल, असं तो घरी म्हणायचा.

त्याच्या हाताखाली दोघी होत्या. यादिरा ही पंचविशीतली, सतत च्युइंगम चघळणारी मुलगी खिडकीशी जाऊन प्रश्न विचारायची. दोन्या कुका (‘दोन्या’ म्हणजे मानाने ‘बाई’) ही अडुसष्ट वर्षांची बाई पदपथावर छत्रीखाली बसून नुसत्या नजरेने गाडीतली डोकी मोजायची. ती आकडा हातातल्या यंत्रात दाबायची, शिवाय जुन्या सवयीने पेन्सिलने वहीतही लिहायची. असे दोन रकाने व्हायचे, एक तोंडाचा आणि एक डोळ्याचा. दोन्ही आकडे जुळले तर ती ओळ पांढरी. नाही जुळले तर एलिसेओच्या टॅबलेटवर ती ओळ लाल व्हायची आणि शेजारी एक बटण यायचं, ‘दुरुस्त’. ते दाबलं की तोंडाचा आकडा पुसला जायचा आणि तिथे डोळ्याचा बसायचा. लाल ओळी शंभरात पाचांच्या वर उरल्या तर कंपनी मुकादम बदलते. पण तेवढ्या भीतीने तो बटण दाबायचा असं नाही. दिवसभरात त्याला खरा आनंद व्हायचा तो तेव्हाच.

या जगात त्याला तुच्छ न वाटणारं माणूस एकच होतं, त्याची मुलगी शिमेना. ती पलीकडच्या कॉलेजात नर्सिंग शिकत होती. रोज सकाळी साडेसातला तिची आई आम्पारो राखाडी गाडीतून तिला घेऊन याच रांगेतून जायची, तिला कॉलेजला सोडायची आणि मग स्वतःच्या कामाला जायची. शिमेना तिच्या बाजूची काच खाली करून विचारायची, “पप्पा, आज किती मूर्ख भेटले?”

तो आकडा सांगायचा. ती हसायची. त्या हसण्यावर त्याचा दिवस निघायचा.

२

सप्टेंबरातला मंगळवार. नऊ वाजताच रस्त्याचं डांबर बुटाला चिकटत होतं.

एका मळक्या पांढऱ्या व्हॅनपाशी यादिरा जरा जास्तच रेंगाळली. परत आली तेव्हा ती चघळायची थांबली होती.

“काय झालं?”

“त्या बाईंनी पाच सांगितलं, साहेब. आम्ही पाच जण म्हणाल्या.”

एलिसेओने मान वर करून पाहिलं. बाई गाडी चालवत होती, शेजारी एक मुलगा, मागे दोन. चार. दोन्या कुकाच्या यंत्रातही चार.

“मग?”

“मागच्या मधल्या जागेकडे त्या सारख्या वळून बघत होत्या... म्हणजे, त्या वळून बोलत होत्या. तिथे कुणी नव्हतं. तिथे त्यांनी पोळीत गुंडाळलेला बीन्सचा बुरितो धरला होता, असा हात मागे करून. बराच वेळ.”

“आणि?”

“आणि मग हात पुढे घेतला. हातात काही नव्हतं.”

“शेजारच्या पोराने मटकावला असेल. त्या वयाची पोरं खिळेसुद्धा खातात.” त्याने बटण दाबलं. पाच पुसून चार झाले. “स्वतःची पोरं मोजता येत नाहीत आणि गाडी चालवायला निघाल्यात.”

त्या दिवशी अशा अकरा ओळी आल्या. सगळ्यांत फरक एकाचाच, आणि तोंडाचाच आकडा मोठा. एलिसेओला त्याचं कारण चटकन सापडलं. हे काम करणाऱ्यांचं एक जुनं पाप आहे: उन्हात खिडक्यांशी जायचा कंटाळा आला की सावलीत बसून मनानेच फॉर्म भरायचे. यादिरा तेच करत असणार.

“तोंडाकडे बघू नकोस, सीटकडे बघ,” त्याने तिला सगळ्या फेरीवाल्यांदेखत झापलं. “लोक काय, काहीही बरळतात. गाडीत दिसतं तेवढंच असतं. कळलं का काही, की डोक्यात नुसतं च्युइंगमच आहे?”

यादिरा पुढच्या गाडीकडे निघाली. तिला ही नोकरी हवी होती.

३

बुधवारी तीच व्हॅन पुन्हा आली. या वेळी बाई म्हणाली, चार. ओळ पांढरी.

“बघ,” एलिसेओ म्हणाला, “एका दिवसात शिकली.”

पण इतर लाल ओळी दुपारपर्यंत ऐंशीवर गेल्या. तो एकेक करून दाबत गेला. शेवटी शेवटी तो गाडीकडे न बघताच दाबत होता. यादिरा लांब दुसऱ्या टोकाला होती तेव्हा दोन्या कुका छत्री मिटून त्याच्यापाशी आली आणि वही पुढे धरली.

“हे बघ. ती पांढरी व्हॅन. गेले दोन आठवडे. पाच, पाच, पाच, पाच. मंगळवारी चार.”

“मग एक जण घरी राहिला असेल.”

“राहिली असेल. मुलगी आहे ती, सात-आठ वर्षांची, केसांना पिवळी फीत. मला रोज जीभ काढून दाखवते. मंगळवारी आई पाच म्हणाली आणि मला चारच दिसले. मी चार लिहिलं, कारण मला दिसत नाही ते मी लिहीत नाही. तू पाच पुसलंस.”

“ते माझं कामच आहे.”

“आज मी उठून त्या बाईला विचारलं, पोरगी कुठाय तुझी? ती म्हणते, कोणती? मला तिन्ही मुलगेच, दोन्या. मुलगी व्हावी म्हणून नवस केला होता, पण नाही झाली.” दोन्या कुकाने घसा साफ केला. “मागे मधल्या जागेवर पोरांची उंच बैठक बांधलेलीय अजून. तिच्यावर बाईने कांद्यांची पिशवी ठेवलीय.”

एलिसेओने घड्याळात पाहिलं. शेहेचाळीस अंश तापमानात अडुसष्ट वर्षांची बाई. दुसरं काय व्हायचं.

“दोन्या कुका, तुम्ही चष्मा बदला.”

“तू पुसलंस की घरचे लोक विसरतात, एलिसेओ. तोपर्यंत धरून असतात. ते बटण दाबू नकोस.”

“आणि कंपनीला काय सांगू? की माझी मोजणारी बाई भुतं मोजते?”

“मी कुठे मोजतेय? मोजतायत ते लोक. मी तर उलट कमी लिहितेय.” तिने यंत्र त्याच्या टेबलावर ठेवलं. “माझ्या डोळ्यांचं नाव सांगून तू त्यांच्या तोंडातला माणूस काढून घेतोस. त्यासाठी मी इथे बसणार नाही.”

“नका बसू. उद्यापासून मी मोजतो. डोळे मलाही आहेत.”

ती वही घेऊन निघून गेली. म्हातारपणी लोकांना महत्त्वाचं व्हायचं असतं, असं एलिसेओने मनाशी ठरवलं आणि उरलेल्या लाल ओळी साफ केल्या.

४

गुरुवारी तो स्वतः छत्रीखाली बसला.

दहाच्या सुमारास एक खटारा पिकअप आली. हॅट घातलेला म्हातारा गाडी चालवत होता. त्याने यादिराला सांगितलं, “दोघं. मी आणि माझी बायको.”

शेजारच्या सीटवर कुणीही नव्हतं. एलिसेओ उठून खिडकीपर्यंत गेला. सीटबेल्ट लावलेला होता. पण तो सीटला टेकलेला नव्हता. सीटपासून चांगला वीतभर पुढे आलेला होता, पोटावरून जावा तसा, ताणलेला. आणि किंचित वर होत होता, किंचित खाली होत होता.

एसीच्या वाऱ्याने हलतोय, त्याने स्वतःला सांगितलं. मग त्याला दिसलं की गाडीच्या दोन्ही काचा उघड्या आहेत आणि असल्या खटाऱ्यात एसी असायचं कारणच नाही. तो तरीही उभा राहिला. इतक्या जवळून त्याला एक आवाज ऐकू येत होता, झोप लागलेल्या माणसाच्या नाकातून येतो तसा बारीक. इंजिनाचा असेल. म्हातारा ओठांवर बोट ठेवून त्याच्याकडे पाहून हसला. झोपलीय, असं त्याने खुणेने सांगितलं.

त्या हसण्याने एलिसेओचं डोकं फिरलं. आपल्याला कुणी वेड्यात काढतंय हे त्याला कधीच सोसायचं नाही. तो तरातरा परत आला, एक लिहिलं, ओळ लाल झाली, त्याने बटण दाबलं.

वीस मिनिटांनी पाणी विकणाऱ्या एका फेरीवाल्याला हुसकायला तो पुढे गेला, तेव्हा तीच पिकअप शंभर पावलांवर उभी होती. म्हाताऱ्याने त्याला हाक मारली.

“साहेब, तुम्ही सकाळपासून इथे आहात ना? हा पट्टा कुणी लावला असेल हो? मी एकटाच निघालोय घरून.” त्याने बकल सोडलं. पट्टा सपकन मागे गेला. “आणि ही पर्स बघा, खाली पडली होती. कुण्या बाईची दिसते. हरवलेल्या वस्तूंत जमा कराल का?”

एलिसेओने पर्स घेतली. मागे येऊन त्याने ती उघडली. आत वाचायचा चष्मा होता, पेपरमिंटच्या तीन गोळ्या, आणि पासपोर्टच्या आकाराचा फोटो, म्हाताऱ्याचाच, चाळीस वर्षांपूर्वीचा.

मग तीन दिवसांत आपण ‘दुरुस्त’ किती वेळा दाबलं ते त्याने टॅबलेटवर पाहिलं. एकशे सात. त्या दिवशी पुढे त्याने एकही ओळ दाबली नाही. लाल ओळी साचत गेल्या.

“साहेब, आज दुरुस्त नाही करायचं?” यादिराने विचारलं.

त्याने तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. तीन वाक्यांचं काम होतं. पण त्या तीन वाक्यांतलं पहिलं होतं, ‘माझं चुकलं’, आणि ते या च्युइंगम चघळणाऱ्या पोरीपुढे म्हणायचं? त्याला ते जमण्यातलं नव्हतं.

“तुला सांगितलं तेवढं कर,” तो म्हणाला.

रात्री जेवताना तो शिमेनाकडे इतक्या वेळा बघत होता की ती ओशाळली.

“माझ्या तोंडाला काही लागलंय का?”

“उद्या जाऊ नकोस.”

“उद्या परीक्षा आहे, पप्पा. का जाऊ नको?”

“ऊन फार आहे.”

“मेहिकालीत ऊन आहे ही काय बातमी आहे?” ती हसली, आणि आम्पारोही हसली. त्याने विषय सोडून दिला. आपण काय सांगणार होतो, आणि कुठल्या तोंडाने?

५

शुक्रवारी साडेसातला राखाडी गाडी आली.

आम्पारो गाडी चालवत होती. शेजारची जागा रिकामी होती. पट्टा लावलेला होता आणि सीटपासून वीतभर पुढे होता.

एलिसेओचे पाय छत्रीखालून निघून गाडीपर्यंत कसे गेले ते त्याला कळलं नाही. तो त्या बाजूच्या खिडकीशी उभा राहिला. आम्पारोचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. आणि त्याच्यासमोरची काच हळूहळू खाली गेली.

आत थोडा वेळ शांतता होती. एक प्रश्न विचारायला लागतो तेवढीच. त्याला काहीही ऐकू आलं नाही. आम्पारो मात्र हसली.

“अरे, पोरगी काय विचारतेय?” ती म्हणाली. “सांग की. आज किती मूर्ख?”

“चौदा,” एलिसेओ म्हणाला. त्याने वाट पाहिली. आम्पारो रिकाम्या सीटकडे पाहून पुन्हा हसली, म्हणजे तिकडेही हसू आलं असणार. त्याने ते ऐकण्यासाठी मान आत घातली. शिमेनाच्या शाम्पूचा वास आला, आणि गालाला ऊब लागली, दुसरा गाल जवळ आला की लागते तशी. बस, तेवढंच.

पलीकडच्या खिडकीशी यादिरा उभी होती. “किती जणी, बाई?”

“दोघी,” आम्पारो म्हणाली.

यादिराने सीटकडे पाहिलं, मग साहेबांकडे. एलिसेओने टॅबलेट समोर घेतला आणि डोळ्याच्या रकान्यात दोन लिहिलं. अकरा वर्षांतला त्याचा पहिला खोटा आकडा. ओळ पांढरीच राहिली, आणि त्याला इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. एवढंच तर करायचं होतं. लोक कुणाचं नाव तोंडात धरून असतील तर धरू द्यायचं. तो आयुष्यभर दोन लिहील. जेवताना रिकाम्या खुर्चीशी बोलेल, पानात वाढेल, लोक वेडा म्हणाले तर म्हणू देत.

रांग सरकली. गाडी निघाली. त्याने टॅबलेट यादिराच्या हातात कोंबला.

“हे धर. मी पुढपर्यंत जाऊन येतो.”

“पण साहेब—”

“धर म्हटलं ना.”

६

तो गाडीबरोबर चालत राहिला, उघड्या खिडकीच्या काठावर हात ठेवून. जन्मात बोलला नव्हता इतकं बोलला. परीक्षेची काळजी करू नकोस. संध्याकाळी आईबरोबरच परत ये, एकटी कुठे उतरू नकोस. मला ऐकू आलं नाही तरी तू बोलत राहा, मी अंदाजाने उत्तरं देईन, चुकली तर हस. लहानपणी तुला ताप आला होता तेव्हा मी रात्रभर तुझे श्वास मोजत बसलो होतो, तुला कधी सांगितलं नाही. तेव्हा पण मी एकसुद्धा चुकलो नाही. दोघी म्हणाली तुझी आई, मी दोन लिहिलंय, पक्कं लिहिलंय, आणि उद्याही मी तुझं—

तो थांबला.

तो गाडीच्या भलत्याच बाजूला उभा होता, हात आत घातलेला, तोंड उघडं. गाल ओले होते. घामाने असतील.

“तिकडून काय बोलतोयस?” आम्पारो म्हणाली. “या बाजूला ये ना. आणि ती काच कुणी उघडी ठेवली, सगळा गारवा चाललाय बाहेर.”

काय बोलत होतो ते त्याला आठवेना. काहीतरी महत्त्वाचं होतं, एवढं मात्र वाटत राहिलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “कॉलेजच्या बाजूने जाणार ना?”

“कॉलेजात काय काम माझं? सरळ कामाला. वेळ असता तर सावकाश कॉफी पिऊन निघाले नसते का.” काच वर गेली.

परत येईपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. यादिरा पदपथावर उभी राहून त्याची वाट पाहत होती. ती थोडी घाबरलेली होती, थोडी खूशही होती.

“साहेब, रागावू नका हं. तुमची एक चूक मी दुरुस्त केलीय. कंपनीने पकडली असती तर नाव तुमचं खराब झालं असतं.” तिने टॅबलेट पुढे केला. “तुमच्याच गाडीची ओळ. बाईंनी सवयीने दोन सांगितलं, तुम्हीही सवयीने दोन लिहिलंत. मी नीट बघितलं होतं, तोंडाकडे नाही, सीटकडे. डोळ्याच्या रकान्यात एक केलं, ओळ लाल झाली, मग बटण दाबलं. शिमेना आज गाडीत नव्हतीच.”

“कोण?”

यादिरा हसली. साहेब कधी नव्हे ते थट्टा करत होते.

“शिमेना. तुमची मुलगी.”

एलिसेओने तिच्याकडे पाहिलं. स्वतःची पोरं मोजता न येणाऱ्या लोकांकडे तो बघायचा, अगदी तसंच. मग तिच्या हातातून टॅबलेट काढून घेतला.

“मला मूलबाळ नाही, यादिरा,” तो म्हणाला. “उन्हात डोक्याला काहीतरी बांधत जा.” आणि तो मागच्या गाडीतली डोकी मोजायला वळला.